बेड रिकामा कधी झाला? आरोग्यसेवा व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाबद्दल

आरोग्यसेवा व्यवस्थापनाची पदवी लेखी परीक्षेमुळे फारशी लांबत नाही. वित्त, कायदा, मनुष्यबळ, साथरोगशास्त्राची तोंडओळख, हे पेपर बहुतेकजण काढतात. घोडं पेंड खातं ते शेवटच्या वर्षात, प्रकल्प आणि इंटर्नशिपपाशी. तिथेही अडचण हुशारीची नसते. जे मोजायचं ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे आधी लिहून ठेवलेलं नसतं. मग चार महिने गोळा केलेला डेटा समोर पडलेला असतो आणि त्यातून एक वाक्यही ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून या लेखाचा भर मोजण्यावर आहे, बाकीचं येता-जाता.

आधी कॅलेंडर. प्रकल्प सादर करायच्या तारखेपासून उलटं मोजत यायचं. मार्गदर्शकांना पूर्ण मसुदा वाचायला तीन आठवडे, त्याआधी लिहायला चार, त्याआधी डेटा साफ करून तक्ते काढायला तीन, त्याआधी प्रत्यक्ष मोजणीला चार. हे झाले चौदा आठवडे. त्याच्याही आधी नैतिकता समितीची मंजुरी, आणि ती समिती महिन्यातून एकदाच बसत असेल तर एक तारीख हुकली की महिना गेला. समितीच्या अर्जाला चार कागद हमखास लागतात: प्रस्ताव, माहिती टिपण्याचा कोरा तक्ता, संमतीपत्र (किंवा संमतीतून सूट का हवी याचं कारण), आणि जिथे काम करणार त्या रुग्णालयाचं परवानगीपत्र. हे शेवटचं पत्र सगळ्यात उशिरा येतं, म्हणून सगळ्यात आधी मागायचं. डेटा गोळा करून झाल्यावर मंजुरी मागणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. मागची तारीख घालून मंजुरी मिळत नाही आणि तो डेटा वापरताही येत नाही.

कॅलेंडरमधली दुसरी गोष्ट अजिबात शैक्षणिक वाटत नाही, पण इंटर्नशिप हीच अडवते. बरीच रुग्णालयं वॉर्डात फिरणाऱ्या विद्यार्थ्याकडे हिपॅटायटिस बीच्या लसीकरणाचा दाखला मागतात. नेहमीचं वेळापत्रक तीन डोसांचं: पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासतात. म्हणजे सगळं मिळून सात-आठ महिने. इंटर्नशिपच्या आदल्या महिन्यात ही यादी हातात पडली तर काही करता येत नाही.

क्रेडिटचा हिशेब एका संध्याकाळचं काम आहे. अभ्यासक्रमाची यादी, तुमची गुणपत्रकं आणि पूर्वअटी शेजारी शेजारी मांडा. साखळी बहुधा अशी असते: संख्याशास्त्र झाल्याशिवाय गुणवत्ता व्यवस्थापन नाही, ते झाल्याशिवाय प्रकल्प नाही. यातला एखादा विषय वर्षातून एकाच सत्रात शिकवला जात असेल आणि तोच राहिला असेल, तर वर्ष गेलं समजा. हे शेवटच्या सत्रात कळण्यापेक्षा त्याआधीच्या वर्षी कळलेलं बरं.

प्रश्न कसा निवडायचा

सगळ्यात लोकप्रिय विषय म्हणजे रुग्णांचं समाधान, आणि सगळ्यात कुचकामी प्रकल्प त्यातूनच निघतात. प्रश्नावली बहुतेकदा डिस्चार्जच्या वेळी, त्याच वॉर्डचा कर्मचारी समोर उभा असताना भरून घेतली जाते. पेशंटला घरी जायचं असतं, तो सगळीकडे ‘चांगलं’वर खूण करतो. रागावलेला पेशंट फॉर्म भरतच नाही. मग पाचपैकी ४.४ असा गुण येतो आणि त्यावर काय करायचं ते कोणालाच सुचत नाही.

त्यापेक्षा वेळ मोजा. वेळेला सुरुवात आणि शेवट असतो, तो बदलता येतो आणि बदल झाला की दिसतो. डिस्चार्जला लागणारा वेळ, नोंदणीच्या रांगेतला वेळ, शस्त्रक्रियागृहातली सकाळची पहिली केस वेळेवर सुरू होते का, यातला कोणताही एक विषय पुरतो. मात्र ‘सुरू’ म्हणजे काय? पेशंट टेबलावर आला, भूल दिली गेली, की पहिला छेद घेतला? तिन्ही वेळांत अर्धा-पाऊण तास सहज असतो. सर्जन एक धरतो, भूलतज्ज्ञ दुसरी, इनचार्ज सिस्टर तिसरी. तिघंही ‘आपण वेळेवर सुरू करतो’ म्हणतात आणि तिघंही खरं बोलत असतात.

स्टरिलायझेशनचंही तसंच. ट्रे निर्जंतुक व्हायला किती वेळ लागतो असं विचारलं तर पुस्तकातलं उत्तर येतं: १३४ अंश सेल्सियसला वाफेत ३ मिनिटं. ती फक्त तापमान धरून ठेवायची वेळ झाली. धुणं, तपासणं, बांधणं, यंत्राचं पूर्ण चक्र, वाळवणं आणि थंड होणं धरलं तर तोच ट्रे परत वापरायला मिळेपर्यंत काही तास जातात. शस्त्रक्रियांचं वेळापत्रक त्या ३ मिनिटांवर आखलं की दुपारी दुसऱ्या केसला ट्रे नसतो.

उदाहरणासाठी डिस्चार्जच घेऊ, कारण त्यात जवळपास सगळे विभाग येतात. टप्पे असे: डॉक्टरांनी राउंडला तोंडी सांगितलं, ऑर्डर लिहिली गेली, डिस्चार्ज समरी तयार झाली, तिच्यावर सही झाली, उरलेली औषधं फार्मसीला परत गेली, अंतिम बिल निघालं, पैसे भरले किंवा विम्याची मंजुरी आली, पेशंट वॉर्डबाहेर पडला, बेड साफ झाला, आणि बेड सिस्टीममध्ये ‘उपलब्ध’ दिसू लागला. दहा क्षण. यातले तुमचे दोन कोणते, ते एका वाक्यात लिहा आणि त्यावर वॉर्डच्या इनचार्जची आणि मार्गदर्शकांची सही घ्या. ‘लेखी डिस्चार्ज ऑर्डरच्या वेळेपासून पेशंट वॉर्डच्या दारातून बाहेर पडेपर्यंत, मिनिटांत, मृत्यू, दुसऱ्या रुग्णालयात हलवलेले आणि स्वतःच्या जबाबदारीवर गेलेले पेशंट वगळून.’ एवढं वाक्य लिहायला दोन दिवस लागले तर लागू द्या.

टप्प्यांची बेरीज करताना बहुतेकजण एक चूक करतात. काही टप्पे एकामागून एक असतात, काही समांतर चालतात. समजा समरीला ४० मिनिटं लागतात, औषध परताव्याला ५५ आणि परतावा झाल्यावर बिलाला ३५. समरी आणि परतावा एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे पेशंट खरा थांबतो ९० मिनिटं. आता समरी २० मिनिटांत आणली तर पेशंटचं एक मिनिटही वाचत नाही. ‘समरी लवकर द्या’ ही शिफारस मात्र अशा प्रत्येक अहवालात सापडते, कारण समरी सगळ्यांना दिसते आणि औषधांचा परतावा कोणी बघत नाही.

डेटा कुठे फसवतो

सिस्टीममधली वेळ ही बहुतेकदा घटना घडल्याची नसते, कोणीतरी नोंद केल्याची असते. सिस्टर तीन डिस्चार्ज आटोपून मग एकत्र नोंदवतात, त्यामुळे तीन पेशंट एकाच मिनिटाला बाहेर पडलेले दिसतात. हातानं लिहिलेल्या वेळा ०, १५, ३० आणि ४५ वर गोळा होतात. म्हणून मोजणी सुरू करण्याआधी एक-दोन दिवस वॉर्डात घड्याळ घेऊन उभं राहायचं, वीस-पंचवीस डिस्चार्जच्या खऱ्या वेळा टिपायच्या आणि सिस्टीमशी ताडून बघायच्या. फरक सरसकट दहा मिनिटांचा असेल तर चालवून घेता येतो. कधी पाच मिनिटं, कधी दोन तास असेल तर सिस्टीमचा डेटा बाजूला ठेवा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तुम्ही घड्याळ घेऊन उभे आहात म्हटल्यावर सगळे जरा घाईनं काम करतात हेही खरं. पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी टिपा, पण विश्लेषणात घेऊ नका, आणि तसं अहवालात लिहा.

स्प्रेडशीटमधले घोळ ठरलेले आहेत. तारखेशिवाय वेळ लिहिली तर २३:५० ते ००:२० हा अर्धा तास उणे दिसतो. म्हणून प्रत्येक रकान्यात तारीख आणि वेळ एकत्र हवी. दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते आणि १२ तारखेपर्यंत ती कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण ०५/०४ हे दोन्ही प्रकारे वाचता येतं. पेशंटच्या क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात आणि मग दोन याद्या जुळत नाहीत. मूळ फाइल हात न लावता ठेवायची, प्रतीवर काम करायचं आणि कोणती ओळ का वगळली त्याची वेगळी वही ठेवायची.

किती पेशंट घ्यायचे? निवडक शंभरापेक्षा सलग दोन पूर्ण आठवड्यांतले सगळे डिस्चार्ज घेतलेले चांगले. त्यात रविवार येतो, सुट्टी येते, रात्रीचे डिस्चार्ज येतात. फक्त सकाळी उभं राहून घेतलेला नमुना फक्त सकाळबद्दलच बोलतो.

आता सरासरी. दहा पेशंटना लागलेली मिनिटं अशी आहेत: ७०, ८०, ८५, ९०, ९५, १००, ११०, १२०, १५०, ६००. सरासरी येते १५०. पण दहापैकी आठजण त्याच्या आत सुटलेत. विम्याच्या मंजुरीसाठी अडकलेल्या एकाने सगळा आकडा ओढून नेला. मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) आहे ९७.५, आणि नेहमीच्या पेशंटचं चित्र तोच दाखवतो. म्हणून वेळेच्या अभ्यासात मध्यक द्या आणि जोडीला नव्वदावा शतमक, म्हणजे ज्या वेळेच्या आत शंभरातले नव्वद पेशंट सुटतात ती वेळ. पहिला सांगतो की रोजचं काम कसं चाललंय, दुसरा सांगतो की तक्रारी कुठून येतायत. ६०० मिनिटांचा पेशंट ‘अपवाद’ म्हणून पुसून टाकायचा मोह होईल. तो पुसू नका, त्याची वेगळी गोष्ट सांगा. बऱ्याचदा प्रकल्पाचा गाभा त्यातच असतो.

बेडचं गणित

तोंडी परीक्षेत हे विचारलं जातंच, आणि सूत्र पाठ असूनही मुलं इथे अडखळतात. १२० बेड आणि ३० दिवसांचा महिना धरा. एक बेड एक दिवस म्हणजे एक बेड-दिवस, तर उपलब्ध बेड-दिवस ३,६००. वापरलेले बेड-दिवस २,९१६ आणि डिस्चार्ज (मृत्यू धरून) ६४८. मग बेड वापराचं प्रमाण ८१ टक्के, सरासरी मुक्काम ४.५ दिवस, एका बेडमागे महिन्याला ५.४ पेशंट, आणि दोन पेशंटमध्ये बेड रिकामा राहण्याचा काळ रिकामे ६८४ बेड-दिवस भागिले ६४८, म्हणजे १.०६ दिवस, साधारण २५ तास.

हे आकडे एकमेकांशी जुळतात की नाही ते लिटलच्या नियमाने तपासता येतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले मुक्काम. इथे रोज २१.६ पेशंट येतात, राहतात ४.५ दिवस, गुणाकार ९७.२. आणि २,९१६ भागिले ३० केलं तरी ९७.२च येतात. रुग्णालयाच्या छापील अहवालातले आकडे असे जुळले नाहीत, तर कुठेतरी दोन विभागांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्यात. बहुतेकदा दोष छेदात, म्हणजे ज्या संख्येने भागतो तिच्यात असतो. मंजूर बेड धरले की प्रत्यक्षात चालू असलेले? डे-केअरचे, आपत्कालीन विभागातले, प्रसूतीच्या टेबलाचे बेड आत की बाहेर? निरोगी नवजात बाळांचे पाळणे सहसा वेगळे मोजतात, पण ‘सहसा’वर विसंबू नका, विचारा.

आता एक हिशेब जो फार आकर्षक दिसतो. प्रत्येक डिस्चार्ज ४ तास लवकर झाला तर ६४८ गुणिले ४ म्हणजे २,५९२ बेड-तास वाचतात. २४ ने भागले की १०८ बेड-दिवस, म्हणजे महिनाभर ३.६ बेड फुकटात! अहवालात हे वाक्य झळकतं, व्यवस्थापनाला आवडतं, आणि सहा महिन्यांनी बेड वापराचं प्रमाण तिथल्या तिथेच असतं.

असं का होतं, तर बेड-दिवस मध्यरात्रीच्या शिरगणतीवरून मोजले जातात. पेशंट संध्याकाळी ५ ला गेला काय आणि दुपारी १ ला गेला काय, रात्री १२ ला तो दोन्ही वेळा नसतोच. तुमच्या सगळ्या मेहनतीचा त्या आकड्यावर ओरखडाही उमटत नाही. फायदा झालाय तो दुपारी १ ते ५ मध्ये, जेव्हा आपत्कालीन विभागात कोणीतरी वरच्या बेडची वाट बघत स्ट्रेचरवर पडलेला असतो. तो बघायचा तर दर तासाची शिरगणती लागते, आणि आपत्कालीन विभागात ‘भरती करा’ म्हटल्यापासून बेड मिळेपर्यंतचा वेळ लागतो. त्या तासांत वाट बघणारं कोणी नसेल तर ३.६ बेड कागदावरच राहतात. हा एक मुद्दा नीट मांडणारा प्रकल्प बाकी दहा आलेखांवर भारी पडतो.

रांगेचा विषय घेतला असेल तर एवढं लक्षात ठेवा की रांग सरळ रेषेत वाढत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये याची पायाभरणी केली. एक खिडकी, एका पेशंटला सरासरी ६ मिनिटं, म्हणजे तासाला १० ची क्षमता. तासाला ८ आले तर रांगेत सरासरी २४ मिनिटं, ९ आले तर ५४, साडेनऊ आले तर ११४. खिडकीवरचा माणूस अजूनही पूर्णवेळ ‘व्यस्त’ नाही, आणि रांग दारापर्यंत गेलेली आहे! मनुष्यबळाचा १०० टक्के वापर हे उद्दिष्ट ठेवणाऱ्यांना हा तक्ता दाखवावा. मात्र हे साधं सूत्र लोक स्वैरपणे, पण एकाच सरासरी वेगानं येतात असं धरतं. बाह्यरुग्ण विभागात सगळे पहिल्या तासात येतात, तेव्हा सूत्राचा आकडा जसाच्या तसा छापू नका. दर १५ मिनिटांची आवक मोजा.

मनुष्यबळ आणि पैसा

एक जागा चोवीस तास, सातही दिवस भरलेली ठेवायची तर किती माणसं लागतात? आठवड्याचे १६८ तास, माणसी ४०, म्हणून ४.२, असं उत्तर येतं आणि ते चूक असतं. माणूस रजेवर जातो, आजारी पडतो, प्रशिक्षणाला जातो. वर्षाचे २,०८० तास. त्यातून ४० दिवसांचे ३२० वजा केले की १,७६० उरतात. वर्षाच्या ८,७६० तासांना त्याने भागलं की ४.९८, म्हणजे पाच माणसं. ४८ तासांचा आठवडा असेल तर तोच हिशेब २,१७६ तासांवर जातो आणि उत्तर ४.०३ येतं. रजा विसरलेलं वेळापत्रक पहिल्या सणासुदीच्या आठवड्यात कोसळतं, आणि मग ‘लोक कामचुकार आहेत’ असं निदान होतं.

ना-नफा-ना-तोटा बिंदूचं गणित सोपं आहे, एवढ्यासाठीच त्यात फसायला होतं. एका तपासणीचे १०० एकक मिळतात, प्रत्येक तपासणीला ४० खर्च होतात, स्थिर खर्च ९०,०००. प्रत्येक तपासणीमागे उरतात ६०, भागाकार त्या ६० ने, उत्तर १,५०० तपासण्या. आता विमा कंपनीने दरात १० टक्के कपात केली. हातात ९० आले, खर्च ४०च, उरले ५०. आता १,८०० तपासण्या लागतात. दर १० टक्क्यांनी उतरला, काम २० टक्क्यांनी वाढलं. शिवाय १,८०० तपासण्यांना दुसरा तंत्रज्ञ लागत असेल तर स्थिर खर्चच एक पायरी वर चढतो आणि सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

गुणवत्ता मोजताना

आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडलेली रचना (हाताशी काय आहे), प्रक्रिया (काय केलं) आणि परिणाम (पेशंटचं काय झालं) ही विभागणी अजून पुरते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाने सहसा प्रक्रियेवर राहावं. परिणाम बदलायला वेळ लागतो, आणि लहान आकड्यांत नशीब फार असतं. महिन्याला ७ पेशंट वॉर्डात घसरून किंवा तोल जाऊन पडले तर २,९१६ बेड-दिवसांमागे दर हजारी २.४ असा दर येतो; पुढच्या महिन्यात ५ पडले म्हणून सुधारणा झाली असं म्हणता येत नाही. उलट चांगलं प्रशिक्षण दिल्यावर आकडा वाढतो, कारण आता लोक नोंद करू लागतात. तो वाढलेला दर अपयश म्हणून मांडणारे अहवालही निघतात.

‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन खांब उभे करू नका. आठवडावार बिंदू काढा. पायाभूत काळात निदान दहा बिंदू हवेत, त्यांचा मध्यक ओढा, आणि मग बघा: मध्यकाच्या एकाच बाजूला सलग सहा किंवा जास्त बिंदू आले, किंवा सलग पाच बिंदू एकाच दिशेनं चढले-उतरले, तर काहीतरी खरंच बदललंय. मध्यकावर बसलेला बिंदू मोजायचा नाही. दोन खांबांच्या चित्रात आधीच सुरू असलेली उतरण लपते आणि तिचं श्रेय तुमच्या उपायाला जातं.

चेकलिस्ट हा उपाय सुचवणार असाल तर दोन अभ्यास शेजारी ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी आणली: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी, असे तीन थांबे. आठ शहरांतल्या रुग्णालयांचा २००९ मधला अभ्यास सांगतो की मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. आणि कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा २०१४ मधला अभ्यास सांगतो की यादी सक्तीची केल्यावर ते ०.७१ वरून ०.६५ झालं, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. फरक का पडला नसावा यावर बराच वाद झाला. पण तुमच्या कामापुरता बोध असा, की भरलेल्या यादीची टक्केवारी आणि टीम खरंच थांबून बोलली का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फाइलमधून मिळते. दुसरीसाठी शस्त्रक्रियागृहात उभं राहावं लागतं.

इंटर्नशिपमध्ये नेमकी हीच चूक होते. विद्यार्थी प्रशासनाच्या खोलीत बसून सादरीकरणं बनवतो. उंटावरून शेळ्या हाकायचं प्रशिक्षणच ते. स्वतःहून मागून घ्या: नोंदणीवर दोन दिवस, एका वॉर्डात एक पूर्ण रात्रपाळी, बिलिंग, स्टोअर, मेडिकल रेकॉर्ड विभाग. रात्रपाळी वगळू नका, कारण सकाळच्या बैठकीत ‘हे होतं’ म्हणून सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी रात्री होत नाहीत. स्टोअरमध्ये विचारा की वापर कशावरून मोजता. वॉर्डला दिलेला माल म्हणजे वापरलेला माल असं धरलेलं असतं, आणि वॉर्डच्या कपाटात तीन आठवड्यांचा साठा पडून असतो. तासांच्या वहीवर दर आठवड्याला सही घ्या. पर्यवेक्षक मध्येच बदलून गेले तर आधीच्या दोन महिन्यांवर नवा माणूस सही का करेल?

डेटा बाहेर काढताना नाव आणि क्रमांक काढला म्हणजे पेशंट अनोळखी झाला असं नाही. दुर्मीळ निदान, वय आणि भरतीची तारीख एका ओळीत आली की ओळख पटते. वय गटांत टाका, तारखेऐवजी दिवसांचं अंतर द्या, तक्त्यातला पाचपेक्षा कमी पेशंट असलेला चौकोन झाका. क्रमांक जुळवणारी यादी वेगळ्या जागी, पासवर्डमागे.

लिहायला बसाल तेव्हा तक्ते आधी, मजकूर नंतर. नमनाला घडाभर तेल घालायची सवय इथे महागात पडते. ‘आरोग्याचं महत्त्व’ सांगणारी पहिली आठ पानं परीक्षक उलटून टाकतात आणि थेट व्याख्येवर येतात. त्यांचे प्रश्नही तिथूनच सुरू होतात. छेदात कोण धरलं? वगळलेले किती आणि का? मध्यरात्री ओलांडणाऱ्या केसचं काय केलं? रविवार वेगळा पाहिलात का? ज्याने सुरुवातीलाच ते एक वाक्य सही करून घेतलंय त्याला ही उत्तरं आठवावी लागत नाहीत.

निकाल लागायच्या आधी दोन कागद राहतात. गुणपत्रकावरच्या नावाचं स्पेलिंग ओळखपत्राशी ताडून बघा. प्रमाणपत्र छापल्यावर दुरुस्तीला महिने जातात. आणि नैतिकता समितीला समाप्ती-अहवाल द्या: किती पेशंटचा डेटा घेतला, तो कुठे ठेवलाय, कधी नष्ट करणार. मंजुरीच्या पत्रात ही अट बहुधा शेवटच्या परिच्छेदात असते, आणि तो परिच्छेद वाचायचा राहिलेला असतो.